शेवंताबाईंची खोडाखोड

आमच्या फाट्यावर एसटीची पाटी आहे. तिच्यावर पूर्वी ‘विनंती थांबा’ असं लिहिलेलं होतं. आता नुसतं ‘थांबा’ दिसतं. पहिला शब्द शेवंताबाईंनी डांबर फासून बुजवला. कंडक्टरनं हटकलं तेव्हा म्हणाल्या, "तिकीट काढतो ना जी आमी? मंग इनंती कायची?"

शेवंताबाई आमच्या तीन घरं पलीकडे राहतात. अंगणवाडीतून निवृत्त झाल्या, पण कमरेचा लाल पेन सुटला नाही. लग्नाची पत्रिका घरी आली की ‘आग्रहाची विनंती’ कापून परत पाठवतात, आणि लग्नाला सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. मार्कंड्याच्या महादेवाच्या जत्रेत ‘रांगेत उभे राहावे ही विनंती’ या फलकाशी त्यांनी लाल पेन काढला आणि मागची सगळी रांग खोळंबली. गावात त्यांना खोडाबाई म्हणतात. त्यांना ते आवडत असावं.

मी गोंडपिपरीत पंक्चर काढण्यापासून सुरुवात केली. आज जुन्या मोटारसायकली घेतो, विकतो. भाव करण्यात मला कोणी हरवत नाही. डोकं लवकर तापतं, हेही खरं.

माझी चंदा नऊ वर्षांची. शाळेची घंटा वाजली की कानांवर हात दाबून बाकाखाली शिरते. बोलते ती फक्त घरी. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, की हा भीतीचा आजार आहे, शाळा सोडवू नका, तिला विशेष शिक्षकाची मदत द्या. हेडमास्तरांनी तो कागद उलगडलाही नाही. "बाकीच्या मुलांचा अभ्यास बुडतो. घरीच ठेवा," म्हणाले.

तो राग माझ्या छातीत अजून आहे. पण त्या दिवशी रागाच्या आधी सवय धावून आली.

"अर्धा दिवस बसू द्या," मी म्हणालो.

"एक तास."

"खिचडी होईपर्यंत."

"बरं. पण तसा विनंती अर्ज द्या."

मी तिथंच लिहून दिला: माझ्या विनंतीवरून मुलीला खिचडीनंतर घरी पाठवावे. मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि सौदा जिंकल्याच्या ऐटीत घरी निघालो. वाटेत आपल्या ओट्यावर बसलेल्या शेवंताबाईंना तो दाखवला.

त्यांनी दोनदा वाचला. "तू आपलीच गाडी भाव करून इकत घेतली, दिनकर. तेबी एकाच चाकाची."

मी भडकलो. "मंग काय करू बाई? भांडू? मास्तर पोरीवर राग काढन."

"भांडू नोको. कायदा हाय. दिवसभर बसाचा तिचा हक्क हाय, खास मास्तर भेटाचा हक्क हाय. तुले मांगाचं नाई, सांगाचं हाय."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासोबत शाळेत आल्या. अर्ज त्यांनीच लिहिला होता. कालचा अर्ज रद्द समजावा. चंदा पूर्ण वेळ वर्गात बसेल. विशेष शिक्षक कोणत्या वारी येणार ते लेखी कळवावे.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, अर्जाला नमुना असतो. शेवटी ‘ही विनंती’ तरी लिहा."

"नाई लिवत."

"मग मी घेत नाही."

"नोका घेऊ. घेत नाई म्हनून लिवून द्या."

एवढं बोलून बाई पहिलीच्या पोरांच्या बुटक्या बाकावर बसल्या, गुडघे हनुवटीला लावून. खिचडी झाली, भांडी घासून झाली, तरी त्या उठल्या नाहीत. शेवटी अर्जावर शिक्का उमटला.

चंदा आता दिवसभर शाळेत असते. विशेष शिक्षक पंधरवड्यातून एकदा येतात, कधी तेही नाही. ती अजून बाकाखाली शिरते. जिंकलो म्हणावं, असं काही झालेलं नाही.

तरी बाईंना सांगायला गेलो. त्या आत जाऊन प्लास्टिकमध्ये घातलेला एक पिवळा कागद घेऊन आल्या. त्यांच्या मुलाचा, वसंताचा, शाळा सोडल्याचा दाखला. वसंता आज चाळिशीचा आहे, घराबाहेर पडत नाही. गावाला हे ठाऊक आहे आणि कोणी विचारत नाही. दाखल्यावर लिहिलं होतं, इयत्ता दुसरी. शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून.

"मास्तर म्हनले, तुमीच लिवून द्या, बरं दिसते," बाई म्हणाल्या. "मी चांगल्या अक्षरात लिवून देल्लं."

मी कागद परत दिला. तो मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "चंदाच्या बाजूले कोन बसते?"

मला माहीत नव्हतं. अर्ज, शिक्का, तारीख सगळं पाठ होतं. हे कधी पाहिलंच नव्हतं.

"पाहून ये."

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या खिडकीशी उभा राहिलो. संध्याकाळी बाईंच्या ओट्यावर जाऊन सांगितलं, "पायल नावाची पोरगी हाय बाई. चंदा खाली शिरली का तेबी तिच्या मांगं खाली शिरते. दोघी तिथीच बसून पाटीवर लिवतेत."

बाई आत गेल्या. हेच त्यांनी वसंताला सावकाश सांगितलं, मग पुन्हा एकदा सांगितलं. मी निघायला उठलो. तोच आतून एक जाडा, न वापरलेला आवाज आला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकत होतो.

"अन् मंग?"

बाईंनी दारातून माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढल्या आणि आत जाऊन त्याच्यासमोर बसलो.