तात्या विमानानं भांडायला गेले

तात्या एसटीत चढले की ड्रायव्हरची धडगत नसे. जन्मभर त्यांनी स्वतः एसटी चालवली होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाला गाडी चालवता येते यावर त्यांचा विश्वासच नव्हता. ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा धरायची आणि कोल्हापूर सुटायच्या आत सुरू करायचं. "गिअर हाय का उसाचं कांडं? मोडतोस काय?" एकदा हातकणंगल्याजवळ एका वैतागलेल्या ड्रायव्हरनं त्यांना खाली उतरवलं, तर हे रस्त्यावर उभं राहून त्यालाच साईड दाखवत होते.

नळाला पाणी उशिरा आलं की तात्या चिडत, लवकर आलं तरी चिडत. पण त्यांचा खरा राग होता दिल्लीत नोकरीला असलेल्या थोरल्या भावावर, अण्णांवर. आई गेली तेव्हा तार करूनही अण्णा आले नव्हते.

"रिझर्व्हेशन मिळालं न्हाय म्हणं," तात्या सांगत. "आईपरास रिझर्व्हेशन मोठं व्हय?"

तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. तात्यांची बायको, आमच्या काकू, वारल्यानंतर घरात तात्या एकटेच, तरी भावाला एक ओळ लिहिली नाही.

गल्लीत फोन फक्त माझ्या औषधाच्या दुकानात. एके सकाळी दिल्लीहून अण्णांच्या मुलाचा ट्रंककॉल आला. अण्णा इस्पितळात होते, आशा नव्हती. रेल्वेनं यायला उशीर होईल, तात्यांना विमानानं पाठवा, असं तो म्हणाला. मी धावत जाऊन सांगितलं. तात्या सायकल पुसत होते.

"असा कसा मरंल?" ते खवळले. "आई गेली तवा का आला न्हाईस, हे मी अजून तोंडावर इचारलं कुठं हाय? काढ तिकीट. त्याला सोडत न्हाय."

मुंबईतल्या मेहुण्याला फोन करून मी तिकिटाची सोय केली. मग दुकानात बसून तात्यांना विमान समजावायला लागलो. पट्टा कसा बांधायचा, सामान कुठं द्यायचं.

"वाटंत बंद पडलं तर ढकलायला कोण उतरणार?"

"बंद पडत नाही, तात्या."

"तू चालवलंयस काय?"

मुंबईपर्यंत मी सोबत गेलो. एसटीत ते नेहमीच्याच जागी बसले, पण या वेळी शिव्या वेगळ्या होत्या. "बैलगाडी हाय का ही? दाब की जरा." ड्रायव्हर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. जोरात हाणू नको म्हणून यांचा मार खाल्लेला. तो सारखा आरशातून मागं बघत होता.

विमानतळावर तात्यांनी विमानाच्या ड्रायव्हरला भेटायचा हट्ट धरला. तसं भेटता येत नाही म्हटल्यावर तिथल्या माणसावर डाफरले. मग पिशवी छातीशी धरली आणि माझ्याकडं वळूनही न बघता आत गेले.

महिन्याभरानं परत आले ते डोक्याचा गोटा करून. काय झालं ते मला विचारावं लागलं नाही. आल्या आल्या विमानावर तुटून पडले. खिडकी उघडत नाही, हॉर्न नाही, ड्रायव्हर तोंड दाखवत नाही. मी ऐकून घेतलं. मग हळूच म्हटलं, "अण्णांना विचारलंत?"

"काय इचारणार, डोंबल? वाचा गेलती. मला बगून नुसता रडाय लागला." तात्या अजून रागातच होते. "आन नखं ही एवढी वाढल्याली. एवढी माणसं यायची जायची, एकालाबी दिसली न्हाईत. मीच कापली."

"बरं केलंत."

"रोज एका बोटाचं कापायचो." त्यांचा आवाज खाली आला. "समदी एकदम कापली असती, तर दुसऱ्या दिवशी त्याचा हात कशाला धरला असता मी?"