खडकदऱ्याचे गंजमुक्त अर्थिंग

मुखेड तालुक्यातील मौजे खडकदरा येथील पाणीपुरवठ्याची मोटार नऊ दिवस बंद होती, ही बाब गंभीर असल्याचे कोणीही नाकारले नाही. मोटार जळालेली नव्हती. वीजही होती, फक्त ती इतकी मंद होती की पंखा फिरवायचा तर हाताने फिरवावा लागे.

लाईनमन वैजनाथने पहिल्याच दिवशी निदान केले होते. विहिरीजवळच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरून त्यात अर्थिंगचा लोखंडी पाइप पुरलेला होता. खड्डा ओला असला की वीज ताळ्यावर राहते. उन्हाने तो वाळून खडखडीत झाला होता.

"दोन घागरी पाणी वता तिथं, मंग बघा कसं वोल्टेज येतंय," तो म्हणाला.

"पाणी न्हाई म्हणून मोटार चालंना, अन् मोटार चालंना म्हणून पाणी न्हाई," तारामती म्हणाली. "डोळ्यातलं वतू का?"

तारामतीचे घर गावाच्या टोकाला. तिची म्हैस आठवड्याभरात व्यायची होती आणि दारातला हौद कोरडा होता. त्यामुळे तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच तिने लांबच्या विहिरीवरून दोन घागरी आणल्या. एक म्हशीला पाजली, दुसरी अर्थिंगला. मोटार पाच मिनिटे चालली आणि पुन्हा बसली. वैजनाथने खड्डा उकरून पाहिले, तर पाइप गंजून चाळणी झालेला. त्याने अर्ज केला: "पाइप गंजला आहे, नवीन द्यावा."

अर्जात 'गंज' हा शब्द आल्यामुळे तो थेट ग्रामीण गंज निर्मूलन कक्षाकडे गेला. कक्षाचे प्रमुख बापूसाहेब स्वतः नांदेडहून जीपने आले.

"पाइप गंजला कशाने?"

"मिठात अन् पाण्यात पुरलेला हाय, साहेब."

"लोखंड मिठात पुरायची अक्कल कोणाची?"

"नियमातच हाय तसं."

"मग नियम बरोबर आहे. पाणी चुकलं."

बापूसाहेबांनी तातडीने उपाययोजना केली. मीठ आणि कोळसा काढून टाकण्यात आला. खड्ड्यावर पत्र्याचे छप्पर घातले. पाइप घासूनपुसून त्याला ऑइलपेंटचे तीन हात दिले, आणि वर कुणाची दृष्ट लागू नये तसे प्लास्टिक गुंडाळले. मग पाइपासोबत फोटो झाला. नोंदवहीत शेरा पडला: गंज निरंक.

यानंतर मोटारीने गुरगुरणेही सोडले.

"साहेब, रंगातून करंट जमिनीत उतरत न्हाई," वैजनाथ हात जोडून म्हणाला.

"करंट हा विषय आमच्या कक्षाकडे नाही."

इथे तारामतीचा संयम संपला. "लोखंडाला रंग दिला, छप्पर दिलं. माझी म्हैस जीभ बाहेर काढून उभी हाय, तिचं काय करून राहिले तुमी?" असे म्हणत तिने मोटारीच्या पत्र्याच्या पेटीवर हात आपटला. ती अनवाणी होती आणि घामाने निथळत होती. तिला झटका बसला, आणि त्याच क्षणी मोटार धडधडत सुरू झाली.

"मावशी, सोडा, सोडा!" वैजनाथ ओरडला. तिने हात सोडला आणि मोटार थांबली.

सांगायला लाज वाटते, पण जमलेल्या गावातून पहिला प्रश्न "लागलं का गं?" असा आला नाही. पहिला प्रश्न आला, "अजून एकदा धरता का?"

तारामतीने सगळ्यांकडे पाहिले. मग तिला म्हैस आठवली. तिने पदर खोचला आणि पेटी धरली. वीस मिनिटे तिचे दात वाजत होते, आणि गावातले नळ वाहत होते. हौद भरला. म्हैस इतकी प्यायली की तिचे पोट टम्म झाले. वैजनाथ तेवढा कपाळ धरून बसला होता.

बापूसाहेबांनी जागेवरच अहवाल लिहिला. "सदर महिला पंचावन्न वर्षे उन्हापावसात असूनही तिला कोठेही गंज आढळला नाही. घामामुळे ओलावा व मीठ दोन्ही कायम उपलब्ध. अनवाणी असल्याने जमिनीशी संपर्क उत्तम. रंगाची गरज नाही. तक्रार करते, परंतु त्याने वीजवहनात अडथळा येत नाही."

अहवाल वरिष्ठांना इतका आवडला की माणसांच्या अर्थिंगची योजना सर्वत्र लागू झाली. तारामतीला शाल, नारळ आणि दर सोमवारची पाळी मिळाली. बाकीच्या वारांची यादी मतदारयादीवरून तयार केली असून ती चावडीवर लावली आहे. वाचकांनी हसून झाल्यावर आपले नाव व वार पाहून घ्यावा आणि दिलेल्या वेळी हजर राहावे. येताना चपला घालू नयेत.