गोचिडीची सुरक्षित सुटका

आई सोबत असली की मूल सुरक्षित असते, हे सर्वमान्य आहे. गोचिडींना मात्र अद्याप तसे कळवण्यात आलेले नाही.

तोरणमाळला तंबूत राहायला जायचे ठरले, तेव्हाच मी म्हसावदच्या आमच्या मारवाडी जैन घरात गोचीडप्रतिबंधक धोरण जाहीर केले. (मी बी.एस्सी. आहे.) कपडे फिक्या रंगाचे, म्हणजे चढणारी गोचीड दिसते. बाह्या पूर्ण, पँट मोज्यांत खोचलेली, बुटांवर औषधाचा फवारा. गवतावर थेट बसायचे नाही. आणि तपासणी, जेवणाआधी व जेवणानंतर: केस, कानामागे, काखा, कंबर, गुडघ्यामागे. माझे यजमान रिषभ यांनी धोरणाला तत्त्वतः मान्यता दिली आणि ते चपला घालून निघाले.

धोरण शंभर टक्के यशस्वी ठरले. अपवाद एकच, आणि तो आमच्या चार वर्षांच्या लेकीच्या उजव्या कानामागे होता.

तो मला दिसलाच नाही, असे कोणी म्हणू नये. दुपारपासून प्रत्येक तपासणीत दिसला. पण माझ्या सासूबाई पतासीबाई रोज सकाळी नातीला दृष्ट लागू नये म्हणून नेमकी तिथेच काजळाची तीट लावतात. त्यामुळे "उजवा कान: तीट, नेहमीची" असे मनाशी म्हणून मी पुढे सरकत होते. संध्याकाळी तीट जरा फुगीर वाटली. (काजळ घरचे आहे. तूप जास्त झाले असेल.)

"मम्मीजी, आज तीट जाड लावलीत."

"आज कुठे लावली, बिनणी? निघताना तूच म्हणालीस ना, ही अंधश्रद्धा घरीच राहू द्या म्हणून!"

त्यानंतर तंबूत जे झाले त्याला आपत्कालीन बैठक म्हणता येईल. रिषभ म्हणाले, काडी पेटवून चटका देऊ. तंबूवाले वाहरूभाऊ घासलेटची बाटली घेऊन आले.

"ताई, मोजेबिजे ठीक आहे, पण पोरगी तर आल्याआल्या बकरीच्या गळ्यात पडेल होती!"

(खरे आहे. रिषभनी तो फोटो स्टेटसला ठेवला होता. मी बदाम पाठवला होता.)

चटक्याने काय किंवा घासलेटने काय, गोचीड चिडून रक्तात आणखी ओकते. दोन्ही सूचना फेटाळून मी भुवया कोरायचा चिमटा बाहेर काढला.

"सांभाळून हं," सासूबाई म्हणाल्या. "काही तुटायला नको."

"तेच बघतेय. तोंड तुटलं तर आत राहतं."

"तेच म्हणते मी. तोंड तुटलं तर ती खाणार काय बिचारी? जीव आहे तो."

तेव्हा कळले की सुरक्षिततेबाबत आम्हा दोघींचे पूर्ण एकमत आहे. कोणाच्या, एवढाच किरकोळ मुद्दा बाकी होता.

चिमटा कातडीला अगदी लागून धरला. पिळले नाही, हिसका दिला नाही. सरळ वर, सावकाश ओढली. आली, तोंडासकट. जागा साबणाने धुतली. लेक रडली नाही. तिने फक्त गोचिडीचे नाव विचारले.

चिरडायची सोय नव्हतीच. पुढे लेकीला ताप आलाच तर डॉक्टरांना दाखवायला म्हणून मी गोचीड बडीशेपेच्या प्लास्टिकच्या डबीत बंद केली. सासूबाईंनी मायेने झाकणाला भोके पाडली. (मोठी. जीव गुदमरू नये.)

सकाळी चहाच्या वेळी डबी रिकामी होती.

"गेली कुठे?" रिषभ म्हणाले, आणि त्यांचा हात स्वतःच्या कानामागे गेला. सासूबाईंचाही गेला. माझाही गेला. लेक आमच्या मधोमध बसून बिस्किट खात होती. तिच्या कानामागे कोणाचाच हात गेला नाही.

आई सोबत असली की मूल सुरक्षित असते, हे वर लिहिलेच आहे. (तुमचाही हात आत्ता कानामागेच आहे ना? असू द्या, नीट चाचपून घ्या. मुलांचे नंतर बघता येईल.)