खिडकीजवळचा समुद्र

नव्या घरात खिडकीची म्हणावी अशी भिंत एकच होती आणि ती नवराबायको दोघांनाही हवी होती.

बायको शिवणकाम करायची. जुन्या घरात जागा नाही, म्हणून इतकी वर्षं ती पलंगावर ओणवी होऊन कापड बेतत आली होती. आता कंबर बोलायला लागली होती आणि काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसेनासा झाला होता. खिडकीखाली एक कापायचं टेबल, एवढंच तिचं मागणं होतं. नवऱ्याकडे काचेची चार फुटी टाकी होती. टाकीत खारं पाणी, पाण्यात खडक, खडकांवर जिवंत प्रवाळ आणि त्यांच्या आडोशाला रंगीत मासे. घरात समुद्र पाळणारा हा माणूस विमा कंपनीत टेबलाला खिळून काम करायचा, त्याला पोहता येत नव्हतं आणि पाण्याच्या पिंपात वाकून पाहिलं तरी त्याच्या पोटात ढवळायचं. मेहुण्यानं त्याचं नाव 'दर्यासारंग' ठेवलं होतं. ही टिंगल आहे हे दर्यासारंगांना कळत होतं, पण मनातून त्यांना ते नाव आवडलं होतं.

किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी दोघं त्या रिकाम्या घरात उभी होती.

"टाकी म्हणजे घराची शोभा," दर्यासारंग म्हणाले. "माणूस आत आला की पहिली नजर तिच्यावर गेली पाहिजे."

"आणि मी?"

"तुझ्यावर दुसरी जाईल की!"

बायको भांडली नाही. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. ती एवढंच म्हणाली, "बरं, मग पैज. सामान हलवू त्या दिवशी दिवे लागायच्या आत टाकी भरून चालू झाली आणि तुमचा एकूण एक मासा तिच्यात पोहताना दिसला, तर भिंत तुमची. एक जरी कमी भरला, तर माझं टेबल."

"लागली पैज!" दर्यासारंग गरजले. खाऱ्या पाण्याच्या टाक्या पाळणाऱ्यांचा फोनवर एक गट होता आणि त्या गटाचे ते स्वयंघोषित गुरुजी होते. कुणी नवशिका टाकी घेतोय असं कानावर आलं की हे ताटावरून उठून त्याला सगळे नियम ऐकवायचे. अशा माणसाला एक टाकी इकडून तिकडे नेणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

सामान नेणाऱ्यांचा मुकादम आपली माणसं घेऊन आला, तेव्हा जुन्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. "पाणी मुरलेलं आहे, एक थेंब टाकायचा नाही," असा दर्यासारंगांचा हुकूम होता. त्यामुळे बादल्या, पिंपं, पातेली, झालंच तर प्रेशर कुकरसुद्धा काठोकाठ भरून रांगेत बसला होता.

"साहेब, यात काय आहे?" मुकादमानं विचारलं.

"समुद्र."

मुकादमानं एकदा कुकरकडे आणि एकदा बायकोकडे पाहिलं. "मग सकाळचा चहा कशात केला, वहिनी?"

"आज चहा नाही," ती म्हणाली.

मासे पकडायला मेहुणा मुद्दाम रजा टाकून आला होता. बाकीचे मासे शहाण्यासारखे जाळीत आले. राहिला तो अंगठ्याएवढा निळा मासा, फौजदार. टाकीत कुणी नवीन आलं की त्याला चावा, जुनं कुणी वळून बघितलं की त्याला चावा, असा त्याचा कारभार. तो एका खडकामागे गेला. तो खडक काढला, तर दुसऱ्यामागे.

"भाऊजी, तुम्ही तिकडून हाकला, मी इकडे चाळणी लावून बसतो."

"अरे, मासा आहे तो. म्हैस नव्हे!"

शेवटी एकेक करून सगळे खडक बाहेर आले, पाणी घोट्याएवढं उरलं, नुसती वाळू दिसायला लागली आणि फौजदार कुठेच नव्हता. मेहुण्यानं कोचाखालीसुद्धा वाकून पाहिलं. दर्यासारंगांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला: फौजदार खडकाच्याच एखाद्या भोकात दडी मारून बसलाय आणि खडक तर टबात ठेवलेत. कुठला खडक, कुठलं भोक, देव जाणे. म्हणजे तो टब आता एक हिसका न बसता, वर पाणी राखून, जिवापाड जपत न्यायला हवा. एवढ्या नाजूक कामाला दुसरा माणूस कोण मिळणार? दर्यासारंग स्वतः ट्रकच्या मागच्या बाजूला, टबाला मिठी मारून बसले.

ट्रक सुटला. पहिल्या खड्ड्याला टबातलं पाणी त्यांच्या मांडीवर आलं, दुसऱ्याला गाद्यांवर. पिंपं डचमळत होती, बादल्या हिंदकळत होत्या आणि मधोमध समुद्राचे मालक डोळे मिटून बसले होते. तिसऱ्या वळणावर, भर रस्त्यात, जमिनीवरून चाललेल्या ट्रकमध्ये दर्यासारंगांना बोट लागली.

आता भांडं हवं, आणि तेही लगेच. पण घरातलं एकूण एक भांडं त्यांनीच भरून ठेवलेलं. एक थेंब टाकायचा नाही म्हणणाऱ्या माणसानं हाताला आला तो कुकर उचलला, त्यातलं सगळं मुरलेलं पाणी रस्त्यावर भिरकावलं आणि पुढचा कार्यभाग उरकून झाकण घट्ट लावून टाकलं. नव्या घरी पोचल्यावर सगळ्यात आधी कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी तो कुकर घासून, उकळतं पाणी ओतून, पुन्हा घासून ठेवला. बायकोला हे आजतागायत माहीत नाही. निदान दर्यासारंगांचा तसा समज आहे.

टाकी लिफ्टमध्ये मावेना. दर्यासारंगांनी टाकी मोजली होती, दार मोजलं होतं, भिंत तर तीनदा मोजली होती. लिफ्ट तेवढी राहिली होती. मुकादमाच्या माणसांनी जिन्यानं, प्रत्येक वळणावर टाकीला आणि टाकीवाल्याला दोन शब्द सुनावत, ती वर चढवली आणि खिडकीखाली नेऊन ठेवली. वाळू पडली, पाणी पडलं, आणि अर्धीच टाकी भरली. उरलेला समुद्र गाद्या प्यायल्या होत्या. मग समुद्री मिठाची पिशवी शोधा, ती मिळाल्यावर पाणी कालवा, ते कोमट करा, खारटपणा मोजा, पुन्हा कालवा. मेहुणा वल्हं मारल्यासारखा काठी फिरवत म्हणाला, "भाऊजी, देवानं खरा समुद्र केला तेव्हा त्याला एवढी घाई नसणार."

टाकी भरली, पंप घुमायला लागला, खडक रचले, मासे सोडले. खिडकीतून तिरपं ऊन थेट टाकीत उतरलं होतं आणि हळूहळू मावळतीला चाललं होतं. बायको भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती. टेबलाचे सुटे पाय तिच्या मागे रचून ठेवले होते.

"सगळे आले?"

"येतोय. एकच राहिलाय."

"दिवा लावू?"

"थांब! अजून ऊन आहे!" दर्यासारंग ओरडले. आवाज रडवेला झाला होता. भिंत तर जाणारच, पण तो चावरा जीवही गेला असला तर काय, या विचारानं त्यांना खरंच वाईट वाटायला लागलं. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी कलंडलेलं एक प्रवाळ सरळ करायला पाण्यात हात घातला.

"आई गं!"

"काय झालं?"

"चावला! अगं, चावला मला! जिवंत आहे! चावला!" बोट उंच धरून दर्यासारंग ओल्या फरशीवर नाचले, घसरले, मेहुण्याच्या गळ्यात पडले. फौजदार टाकीच्या मध्यावर येऊन सगळ्यांकडे डोळे वटारून बघत होता.

"जिंकलात," बायको शांतपणे म्हणाली. "भिंत तुमची."

टेबलाच्या त्या सुट्या पायांकडे बघून दर्यासारंगांना क्षणभर चोरट्यासारखं झालं. पण क्षणभरच. जिंकलेल्या माणसाला वाईट वाटून घ्यायला फारसा वेळ नसतो.

"फोटो पाठवा की तुमच्या मंडळींना," ती म्हणाली. मग भावाकडे वळून, "तू काढ रे. जरा मागं सर, खिडकीही येऊ दे. ऊन किती छान पडलंय."

फोटो गेला. पहिलं उत्तर आलं ते एका दंतवैद्याचं. त्यानं नुकतीच टाकी घेतली होती.

'वा सर, सुरेख! एक शंका. तुम्हीच मला सांगितलं होतं, नियम पहिला: टाकी खिडकीजवळ ठेवायची नाही. उन्हानं पाणी तापतं, शेवाळ माजतं, प्रवाळ मरतात. तुमचं ऐकून मी भरलेली टाकी उपसून आतल्या खोलीत नेली. नियम बदलला का?'

पाठोपाठ बाकीचेही जागे झाले. 'मलाही हेच सांगितलं होतं.' 'माझी तर यावरून सरांनी खरडपट्टी काढली होती.'

दर्यासारंगांनी ते उभ्याउभ्या वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. बायकोला भिंत हवी म्हटल्यावर आपल्याला ती जास्त हवी झाली आणि त्या नादात, जगाला बजावलेला नियम स्वतःला सांगायचा तेवढा राहून गेला होता. त्यांनी घसा खाकरला.

"अगं, मी काय म्हणतो, तुझी कंबर दुखते. भिंत तूच घे."

"असं कसं? पैज तुम्ही जिंकलात."

"तसं नव्हे, पण उजेड तुला जास्त लागतो."

"आणि घराची शोभा? पहिली नजर?"

"नजर काय, आतही जाईल," दर्यासारंग पुटपुटले आणि त्यांनी मुकाट्यानं फोन पुढे केला.

तिनं तो घेतलासुद्धा नाही. "दंतवैद्यच ना? वाटलंच मला."

"म्हणजे? तुला ठाऊक होतं?"

"पलंगावर कापड बेतताना दुसरं काय ऐकत होते मी इतकी वर्षं? तुमचे सगळे नियम पाठ आहेत मला."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर तुम्ही हट्टानं मासे उकडले असते, पण टाकी हलवली नसती. तुम्हाला दुसऱ्याचं पटत नाही, तुमचंच पटतं. म्हटलं, तुमचंच म्हणणं कुणीतरी तुम्हाला ऐकवू दे."

मेहुणा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

"पण आता हलवणार कोण?" दर्यासारंग कळवळून म्हणाले. "माणसं तर गेली."

"खालीच बसलीत. मी सांगितलं होतं, एवढ्यात जाऊ नका, एक जड वस्तू अजून हलायचीय."

तिनं त्यांना आत नेलं. आतल्या खोलीतल्या बिनखिडकीच्या भिंतीपुढची खोकी तिनं पायानं बाजूला सारली. मागे, भिंतीवर आणि फरशीवर, कपड्यावर खुणा करायच्या निळ्या खडूनं टाकीचा चौकोन आखलेला होता. रेघ सरळ होती, विजेचा खटका हाताशी येत होता.

"दोन्ही अंगांना माया सोडलीय," ती म्हणाली. "तुमचा हात आत जायला हवा ना."

दर्यासारंग त्या रेघांकडे बघत राहिले. खडू थोडा पुसट झाला होता.

"कधी आखलंस हे?"

"पैज लावली त्याच दिवशी," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर भिंत मोजत होतात तेव्हा. चला, बादल्या आणा."