सॅकमधली शेपटी

सारंगने दोनशे बारावा फोटो लॅपटॉपवर मोठा केला आणि मृण्मयीला हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता, म्हणून ती ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून आली.

फोटोत सारंग आणि खालच्या मजल्यावरचे घरमालक प्रतापराव अनंतगिरीच्या एका कातळावर उभे होते. कॅमेरा तिपाईवर लावून काढलेला फोटो. मागे हिरव्या टेकड्या, दरीत थोडं धुकं. रविवार होता. पहाटेच दोघं ट्रेकिंग ग्रुपच्या बसने मलकपेठहून निघाले होते आणि पाखरं, रानफुलं, वारुळं, जे दिसेल ते टिपून दुपारी परत आले होते.

"छान आलाय की," मृण्मयी म्हणाली. "काकांचं पोटसुद्धा आत आहे."

"पोट बघू नको. पायाशी माझी सॅक आहे, ती बघ."

सॅक तोंड उघडं टाकून पडली होती. तिच्या कडेवरून एक तपकिरी, पांढऱ्या पट्ट्यांची शेपटी आत चालली होती.

"दोरी आहे ना ही?"

"माझ्या सॅकला दोरी नाही."

त्याने पुढचा फोटो लावला. तेच दोघं, तेच हसू. शेपटी नव्हती. त्यानंतरच्या फोटोत सारंग वाकून सॅकची चेन लावत होता.

"म्हणजे ते आत गेलं आणि तू चेन लावलीस," मृण्मयी हळूच म्हणाली.

"आणि बसमध्ये अडीच तास मांडीवर घेऊन बसलो. वाटेत काकांनी वरून सीताफळं भरली."

"आता कुठंय सॅक?"

"आल्यावर दहा मिनिटं पलंगावर होती. मग काका खाली घेऊन गेले."

मृण्मयीने पलंगाकडे पाहिलं आणि चप्पल न घालता जिना उतरली. त्या घरात आता एक मिनिटही थांबायची तिची तयारी नव्हती.

सारंगही तिच्या मागोमाग उतरला. खाली प्रतापराव नुकतेच आंघोळ करून केस पुसत होते. त्यांच्या पत्नी भामाकाकू घरात नव्हत्या.

"ती गेली तिच्या बहिणीकडं, गौलीगुड्याला. त्रिवेणीला सीताफळं द्यायला. तुझीच बॅग नेली बघ, तिच्या पिशवीचा बंद तुटला म्हणून. का रे?"

सारंगने सांगितलं. प्रतापराव टॉवेलसकट खुर्चीत बसले. त्यांनी तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली होती, पण कालव्यावर साप दिसला की साहेब जीपमध्ये आणि काम दुसऱ्या दिवशी, हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं.

"फोन लाव तिला," ते म्हणाले.

काकूंचा फोन व्यस्त होता. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. तिसऱ्यांदा व्यस्त लागल्यावर सारंगने स्कूटरची किल्ली घेतली. मृण्मयी काकूंच्या स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसली. इथे निदान ती सॅक नव्हती.

चादरघाटच्या पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मागे बसलेले प्रतापराव सारंगच्या कानाशी बोलत राहिले.

"मांडीवर घेतली असंल बॅग तिनं. ऑटोत तशीच बसते ती."

"काका, नका ना बोलू."

"आणि आत हात घालून एकेक सीताफळ दाबून बघायची आदत आहे तिला. मऊ लागलं तर अजून दाबते."

सारंगला डोळ्यांसमोर तो तपकिरी, मऊ, पट्ट्यांचा जीव आणि काकूंचा बांगड्यांचा हात, एवढंच दिसत होतं. एका हातगाडीला त्याने आरसा घासला आणि थांबलाही नाही.

त्रिवेणीमावशींच्या घराचं दार उघडंच होतं. दोघी बहिणी चहा पीत होत्या आणि सॅक कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. प्रतापरावांनी उंबरठ्याच्या आत पाय टाकला नाही.

"भामा, त्या बॅगपासून लांब हो. हळूच. त्यात साप आहे."

"होता," भामाकाकू म्हणाल्या आणि बशीतल्या चहावर फुंकर मारली. "सीताफळं काढताना निघाला. मी त्याच्यावर टोपली पालथी घातली, वर वरवंटा ठेवला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आंघोळीला होता. सांगितलं असतं तर तसंच रस्त्यावर पळाला असता."

त्रिवेणीमावशींच्या शेजारी विक्रम नावाचा साप पकडणारा राहत होता. घरातून निघाल्यापासून काकू त्यालाच फोन लावत होत्या. तो आता पाच मिनिटांत येणार होता, त्यामुळे काकू अगदी बेफिकीर होत्या. सारंगने मात्र खोलीभर नजर फिरवली.

"काकू, टोपली कुठे आहे?"

"आमच्या घरी, स्वयंपाकघरात. स्टूलजवळ."

त्याने मृण्मयीला फोन लावला.

"तिथे वरवंटा ठेवलेली टोपली आहे का?"

"होती. मला वाटलं खाली सीताफळं आहेत, म्हणून उचलली. पण खाली काहीच नव्हतं."

"काहीच?"

"नुसती फरशी. का?"

काकूंनी फोन हातातून घेतला. "मृण्मयी, बाळा, ओट्यावर चढून बस. पाय वर घे. का, ते आल्यावर सांगते."

विक्रम आला तसा त्याला कोणी हेल्मेटही काढू दिलं नाही. त्याच्या मोटारसायकलवर काकू, स्कूटरवर हे दोघं, अशी वरात मलकपेठला परतली. मृण्मयी ओट्यावर मांडी घालून बसली होती, चेहरा पांढराफटक. बचावाला म्हणून तिने ती टोपली छातीशी घट्ट धरली होती.

विक्रमने दारातूनच स्वयंपाकघर न्याहाळलं. सिलिंडर, फ्रिजची खालची फट, मोरी. मग तो एकदम थांबला.

"ताई, हलू नका," तो अगदी शांतपणे म्हणाला. "टोपली मला द्या. उलटी करू नका."

टोपलीच्या आत, विणीच्या काड्यांमध्ये अंग अडकवून तो बसला होता. मृण्मयीने टोपली दिली आणि ओट्यावरच आडवी झाली. सारंगने तिला धरलं. ते पाहून प्रतापरावांनी सारंगला धरलं.

"कवड्या आहे," विक्रम साप प्लास्टिकच्या बरणीत सोडत म्हणाला. "जहर नाही याला."

"चावतो?" सारंगने विचारलं.

"चावतो. माणूस मरत नाही." विक्रमने भोकं पाडलेलं झाकण लावलं. "पण जंगलातून आणलाय, तिथंच सोडावा लागंल. जागा कोण दाखवणार?"

प्रतापरावांनी गुडघ्यावर हात ठेवला. काकूंनी मृण्मयीच्या तोंडावर पाणी मारायला घेतलं. उरला सारंग.

विक्रमच्या मागे बसून, बरणी मांडीवर घेऊन तो पुन्हा अनंतगिरीला निघाला. दोन्ही तळवे झाकणावर दाबलेले. विकाराबाद येईपर्यंत खिशातला फोन अकरा वेळा वाजला, पण हात उचलायची त्याची हिंमत झाली नाही. प्रत्येक खड्ड्यात बरणीत काहीतरी सरकत होतं.

ऊन उतरताना त्याने तो कातळ दाखवला. विक्रमने बरणी आडवी केली आणि कवड्या दगडाखाली असा नाहीसा झाला, की होता की नव्हता असं वाटावं. सारंग तिथेच बसला. त्याने मृण्मयीला फोन लावला.

"सुटला. सगळं झालं," तो म्हणाला. "तू कशी आहेस?"

"मी बरी आहे. अरे, तुझी सॅक मावशींकडेच राहिली ना?"

"असू दे. उद्या आणू."

"त्यांनी ती झटकली. आतून आणखी एक निघाला," मृण्मयी म्हणाली. "मावशी पलंगावर उभ्या आहेत. काकू मघापासून म्हणतायत, लांब गेला नसाल तर वळा आणि तोही घेऊन जा."

विक्रम मोटारसायकलला किल्ली लावत होता. "काय झालं?" त्याने विचारलं.

सारंगने कातळावरची रिकामी बरणी उचलली आणि गवतात झाकण शोधू लागला.