टिटवी माडावर अंडी घालते

बाळांनो, आधी एक नियम पाठ करा. गाईडात छापलंय ते खरं. का खरं, असं विचारायचं नाही. विचारलंत तर मार्क कापले जातील.

झालं पाठ? शाबास. आता गोष्ट ऐका.

एका जंगलात एक शाळा होती आणि शाळेत एकच पुस्तक होतं. ते हत्तीणबाईंनी लिहिलं होतं. बाई जंगलभर स्वतः हिंडल्या होत्या, म्हणून पुस्तकात बरंच खरं होतं. म्हणून ते जाड होतं. म्हणून ते कुणी वाचत नसे.

त्याच जंगलात एक साळिंदर राहत होता. त्याच्या पाठीवर लेखण्याच लेखण्या. त्याने त्यातली एक उपटली आणि पुस्तकातल्या अवघड शब्दांचे अर्थ लिहून दिले. मुलांना पुस्तक समजायला लागलं. हे फार चांगलं काम होतं, त्यामुळे ते खपलं नाही.

मग त्याने प्रश्नांखाली उत्तरंही छापली. ती खपली. मग त्याने 'हमखास येणारे प्रश्न' काढले. त्यांच्यावर उड्या पडल्या.

परीक्षेचा पेपर घोरपड काढायची. तिलाही जाड पुस्तकाचा कंटाळा. ती साळिंदराचं गाईड उघडायची आणि त्यातलेच प्रश्न उतरवून काढायची. निकाल लागला की साळिंदर झाडाझाडावर पाट्या लावायचा, 'पेपरातला प्रत्येक प्रश्न आमच्याच गाईडातला!' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

साळिंदराचा साळिंदरशेठ झाला. हत्तीणबाईंचं पुस्तक वाळवीने खाल्लं. जंगलात तेवढी वाळवीच शिकली.

शेठच्या छापखान्यात सुगरण पक्षीण खिळे जुळवायची, म्हणजे एकेक अक्षर उचलून ओळ लावायची. प्रत्येक पानाच्या माथ्यावर शेठचं नाव हवंच, असा हुकूम होता. त्या नावांपायी एकदा 'ळ' संपला. पुढची ओळ होती, 'टिटवी माळावर अंडी घालते.' सुगरणीने 'ळ'च्या जागी 'ड' बसवला. तिचं स्वतःचं घर झाडाला टांगलेलं. तिला काही खटकलं नाही.

'टिटवी माडावर अंडी घालते.'

पुढच्या आवृत्तीत त्याखाली 'कारणे द्या' आलं. उत्तरही आलं. 'कारण माड उंच असतो. तेथे साप पोचत नाहीत व हवा खेळती राहते.' घोरपडीने प्रश्न पाच मार्कांना टाकला. दरवर्षी टाकला.

बाळांनो, टिटवीला झाडावर साधं बसताही येत नाही. तिच्या पायाला फांदी धरता येत नाही. पण शिकलेल्या टिटवीला हे सांगणार कोण? पास झालेल्या टिटव्या नदीकाठच्या माडावर कशाबशा टेकायच्या, अंडी घालायच्या, आणि अंडी खाली पडायची. नापास झालेल्या टिटव्या माळावर खड्यांत अंडी घालायच्या. शाळेत जी पिल्लं यायची, ती सगळी नापासांची.

टिकली नावाची टिटवी त्यांच्यातलीच. ती मात्र पहिली आली. तिने 'माडावर' लिहिलं होतं आणि पुरवणी जोडून आणखी दोन कारणं दिली होती.

मग तिची अंडी घालायची वेळ आली. ती माड बघून आली. बुंध्याशी टरफलांचा खच होता. ती गुपचूप माळावर परतली, खड्यांत खळगा केला, अंडी घातली आणि त्यांच्यावर बसली.

सगळ्यांत आधी तिची मावशी धावत आली.

"काय गं, पहिला नंबर काढून मातीत बसलीस?"

"मावशी, तुझी अंडी कुठंयत?"

"फुटली. तीनदा फुटली." मावशीने मान ताठ केली. "पण माडावरून फुटली!"

"आणि मीही तेच करू?"

"सवय होते गं."

"कशाची?"

"फुटण्याची."

तेवढ्यात टिटवी समाजाचे अध्यक्ष आबा आले. मागून सगळी वडीलधारी मंडळी.

"पोरी, ऊठ," आबा म्हणाले. "लोक तुला नापास समजतील."

"उठले तर अंडी गार पडतील, आबा."

"गाईडात गार पडण्याचं काही नाही."

मग खुद्द शेठ काटे वाजवत आले.

"शेठ, एक अक्षर चुकलंय तुमचं," टिकली म्हणाली. "बदला की."

"चूक असती तर आम्ही बदलली असती. बदलली नाही, म्हणजे चूक नाही." शेठ समजुतीच्या सुरात म्हणाले, "आणि बदललं, तर पास झालेल्यांच्या मार्कांचं काय? तूच बदल, बेटा. प्रती हजारो आहेत. तू एकटी आहेस."

मंडळींनी माना डोलावल्या. आबांनी हुकूम सोडला, "अंडी उचला रे. आपणच नेऊन ठेवू माडावर."

दोन काका पुढे झाले. टिकलीने पंख फुलवले आणि माळ दणाणेल अशी ओरडली.

"पाऊल टाका, डोळाच फोडते! काका असाल तुमच्या घरी!"

काका थबकले.

"शिकून हेच शिकलीस?" आबा कडाडले. "मोठ्यांना उलट बोलायला?"

"बोलत नाही. विचारते. माडावर जन्मलेलं इथं कोण कोण आहे? पंख वर करा."

वारा वाहत होता. एकही पंख वर झाला नाही. मावशीने आबांकडे पाहिलं. आबांनी शेठकडे पाहिलं. शेठ बिळात जन्मले होते.

"आबा, तुम्ही?"

आबा पायाखालचे खडे न्याहाळू लागले.

"मी उठणार नाही," टिकली म्हणाली आणि अंड्यांवर नीट बसली.

काका मागे सरले.

तात्पर्य : वडीलधाऱ्यांचं नेहमी ऐकावं. ते गप्प असतात, तेव्हा तर फारच लक्ष देऊन ऐकावं.