"आलो, आलो" म्हणणारं दार

आत्या सुटकेसवर बसली आहे.

कुठल्याशा गावात एक बेकरीवाला पिठाळ बोटानं मनगटावरचं बटण दाबतो.

तिसऱ्या घंटेनंतर दार उघडायचं नाही, मग बाहेर कुणी का असेना.

"आमचा माणूस निघालाय." हे वाक्य मी दिवसभर म्हणते.

आता हे सगळं एका दोऱ्यात ओवते. पण आधी एक सांगून टाकते: ज्या घड्याळाला त्याच्या कंपनीनं मेलेलं समजून सोडून दिलं, त्याला जिवंत करणाऱ्यांपैकी मी एक आहे. वाटल्यास उभं राहून वाचा.

भुंगा हे आमच्या स्मार्टवॉचचं लाडाचं नाव. ते वाजत नाही, नुसतं मनगटावर गुणगुणतं. कंपनी गुंडाळली गेली, सर्व्हर बंद झाला आणि घरोघरचे भुंगे एका फटक्यात दगड झाले. लोकांनी ते ड्रॉवरमध्ये टाकले. आम्ही नाही टाकले. ज्याला आम्ही सगळे सर्व्हरकाका म्हणतो त्यानं गॅरेजात नवा सर्व्हर उभा केला. एका भूलतज्ज्ञ बाईंनी नवी बॅटरी आत कशी बसवायची ते शोधलं. अ‍ॅपचं जुनं दुकान गेलं, तर आम्ही नवं थाटलं. आता जगभर आमची जमात आहे. तिच्यात एकच खोड: दुकानात नवं अ‍ॅप आलं की आम्ही ते आधी घालून घेतो, मग ते कशाचं आहे ते वाचतो. काही जण वाचायचं लांबणीवर टाकतात.

आता बाबा. माझे वडील जन्मभर एका नाट्यगृहाच्या दारावर होते. दार कधी उघडायचं आणि कधी नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. निवृत्तीनंतर आमच्या घराचं दारही त्यांच्याच ताब्यात होतं. मग कान गेले. कानाच्या यंत्राचं नाव काढलं तर म्हणाले, "मी काय रेडिओ आहे?"

गेल्या खेपेला त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, बेल दाबून दाबून थकली आणि शेजाऱ्यांकडे जाऊन बसली. तिथूनच तिनं निकाल दिला. "दिवसभर हा एकटा असतो. उद्या आत पडला तरी कळायचं नाही. पुढच्या वेळी यानं दार उघडलं नाही, तर मी याला माझ्याकडे घेऊन जाणार."

बाबा दुपारची झोप सोडून दाराशी येरझारा घालू लागले.

ते मला बघवेना. म्हणून मी बाबांच्या मनगटावर भुंगा बांधला आणि 'दार' नावाचं अ‍ॅप लिहिलं. बेल दाबली की घरातल्या सगळ्यांचे भुंगे गुणगुणतात, माणूस कुठेही असो. भुंग्यावर दोन बटणं असतात. 'आलो' दाबलं की दाराबाहेरच्या स्पीकरवर बाबांच्या आवाजात "आलो, आलो" ऐकू येतं, आणि बाकीच्यांच्या मनगटावर 'कुणीतरी जातंय' असं उमटून भुंगे गप्प होतात. नाहीतर माझा नवरा आणि बाबा पॅसेजमध्ये एकमेकांवर आदळायचे. दुसरं बटण 'तुम्ही बघा'. बाकी सगळ्यांनी ते दाबलं, तर उरलेल्याचा भुंगा थांबतच नाही. अहो, यापेक्षा सोपं काय असतं!

बाबा पुन्हा गॅलरीतल्या खुर्चीत ऐटीत बसू लागले. मी इतकी फुगले, की ते अ‍ॅप आमच्या दुकानात ठेवलं.

तो दिवस. मी ऑफिसात होते. मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारी घेते. लिफ्टमध्ये अडकलेला एक गृहस्थ एका फोनवर होता आणि मी त्याला धीर देत होते. तेवढ्यात माझा भुंगा गुणगुणला आणि लगेच गप्प झाला. 'कुणीतरी जातंय.' मी शेजारच्या टेबलावर सांगितलं, "बघा, बाबा उठले." पुन्हा गुणगुणला. पुन्हा गप्प. "बाबा आज फारच उत्साहात आहेत," मी म्हटलं.

मग दुसऱ्या फोनवर आत्या आली.

"अगं, तुझा बाप आत आहे."

"हो ना. उघडलं ना दार?"

"'आलो, आलो' म्हणतोय."

"मग येतीलच."

"केव्हाचा म्हणतोय! एक 'आलो' संपत नाही तोवर दुसरं. येत मात्र नाही."

"आत्या, काळजी करू नकोस. आमचा माणूस निघालाय."

"कुठला माणूस?"

सवय, दुसरं काय. मी जमातीचा ग्रुप उघडला.

बेकरीवाल्यानं लिहिलं होतं, "हे नवं 'दार' फार गोड आहे. गुणगुणलं की मी 'आलो' दाबतो. पुढं काय होतं?"

भूलतज्ज्ञ बाई: "मीही दाबते. पेशंट झोपला की लगेच."

सर्व्हरकाका: "पण दार कुणाचं आहे?"

अ‍ॅप दुकानात ठेवताना त्यातून आमच्या बेलचा पत्ता काढायचा राहिला होता. सगळ्या जगाचे भुंगे आमच्या दाराला जोडले गेले होते. आत्या बेल दाबायची, बेकरीवाला 'आलो' म्हणायचा, बाबा अर्धे उठायचे, मनगटावर 'कुणीतरी जातंय' वाचायचे आणि परत बसायचे. त्यांना वाटत होतं, जावई आतल्या खोलीत काम करतोय, तोच जात असेल. जावई त्या दिवशी ऑफिसला गेला होता. "निघतो हं," असं तो बाबांच्या पाठीला सांगून गेला होता.

मी ग्रुपवर लिहिलं, "थांबा! चूक झाली आहे. कुणीही 'आलो' दाबू नका."

कुणी चूक कळवली, की प्रत्येकानं ती आपापल्या घड्याळावर करून बघायची आणि 'माझ्याकडेही होतंय' असं लिहायचं, ही आमच्या जमातीची रीत. ती मी त्या घाईत विसरले.

"माझ्याकडेही होतंय."

"इकडेही."

फोनमधून आत्या ओरडली, "अगं, हा आता एकटाच समूहगान म्हणतोय! शेजारी जमलेत. मी या सुटकेसवर बसलेय, कळलं? रिकामी आहे ती. तुझ्या बापाचे कपडे भरायला आणलीय."

ग्रुपवर मी सगळं खरं लिहिलं. दार, बाबा, सुटकेस.

सर्व्हरकाका: "सगळ्यांनी 'तुम्ही बघा' दाबा रे. उरू देत बाबा एकटे."

"दाबलं."

"दाबलं."

"मीही दाबलं," ऑफिसातून माझा नवरा.

"हात धुऊन दाबलं," बेकरीवाला.

"पेशंट झोपेतच आहे. दाबलं."

सर्व्हरकाका: "बाबा सोडून अजून एक राहिलाय. कोण तो शहाणा?"

जमात तुटून पडली. असली माणसं भुंगा बांधतात तरी कशाला, वगैरे. मीही दोन खरमरीत शब्द लिहिले. मग सर्व्हरकाकांनी त्या घड्याळाचं नाव टाकलं.

माझं होतं.

मी दाबलं. फोनमधून कडी सरकल्याचा आवाज आला.

"ताई? तिसऱ्या घंटेनंतर आलीस. आता मध्यंतरापर्यंत थांबावं लागेल."

"मेल्या, मघापासून 'आलो, आलो' कोण म्हणत होतं?"

"मी? मी म्हणत बसत नाही, येतो. हे बघ, मनगटावर काय आलंय. अख्ख्या जगात कुणी उठायला तयार नाही. शेवटी मीच आलो ना?"

मी डोळे पुसले. पहिल्या फोनमधून हळूच आवाज आला, "बाई, त्यांचं दार उघडलं वाटतं. माझं?"

"आमचा माणूस निघालाय," मी म्हटलं.

आत्या सुटकेस रिकामीच घेऊन परत गेली. जाताना स्वतःसाठी एखादा भुंगा शोधून ठेवायला सांगून गेली. मी चूक दुरुस्त केली तर जमात रुसली. म्हणून आता त्यांना आमची बेल नुसती कळते, उत्तर देता येत नाही. बाबा रोज विचारतात, "आज किती जण आहेत गं?"

"खूप."

"हाऊसफुल म्हण."

ज्या वर्षी कंपनीनं भुंगा बनवणं बंद केलं, त्याच वर्षी बाबांच्या नाट्यगृहाला आपोआप सरकणारी काचेची दारं बसली; दारावर माणूस लागेनासा झाला.